सोब्रालचा तापलेला आरसा

दुर्बिणीतून डोळ्याने आकाश पाहणाऱ्याला फोकसची चूक फारशी जाचत नाही. तारा पुसट दिसू लागला की हात सहज स्क्रूकडे जातो, नळी दोन केस पुढेमागे होते आणि तारा पुन्हा टाचणीच्या टोकाएवढा होतो. छायाचित्र घेणाऱ्याला ही सोय नाही. काचेची प्लेट एकदा दुर्बिणीत बसवली आणि झडप उघडली की, त्या क्षणी यंत्राची जी अवस्था असेल ती तिच्यावर कायमची उमटते. चूक उमगते ती प्लेट धुतल्यावर, म्हणजे प्रसंग टळून गेल्यावर. त्यातून तो प्रसंग खग्रास सूर्यग्रहणाचा असला, तर हुकलेली पाच मिनिटे पैशाने अथवा परिश्रमाने परत मिळत नाहीत. १९१९ साली ब्राझीलमधील सोब्राल या गावी दोन इंग्रज ज्योतिर्विदांवर हा प्रसंग आला. त्यांच्या बिघडलेल्या प्लेटांवर प्रश्न टांगलेला होता तोही साधासुधा नव्हता. गुरुत्वाकर्षणाविषयी न्यूटनचे म्हणणे खरे की आइन्स्टाइनचे, हा तो प्रश्न होय.

ताऱ्यांची छायाचित्रे घेऊन त्यांवरून मोजमाप करण्याची विद्या त्या वेळी फार जुनी नव्हती. १८८७ साली पॅरिस येथे निरनिराळ्या देशांचे ज्योतिर्विद एकत्र जमले आणि साऱ्या आकाशाचा नकाशा छायाचित्रांच्या साहाय्याने तयार करावयाचे त्यांनी ठरविले. पॉल आणि प्रॉस्पेर आंरी या फ्रेंच बंधूंनी बनविलेल्या दुर्बिणीचा नमुना सर्वांनी मान्य केला. तिच्या भिंगाचा व्यास १३ इंच आणि नाभ्यंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमा जेथे स्पष्ट उमटते तेथपर्यंतचे अंतर, ३.४३ मीटर होते. हे अंतर मुद्दामच निवडले होते, कारण त्यामुळे आकाशातील एक कला प्लेटवर बरोबर एक मिलिमीटर भरते. आकाशाचे पट्टे वेगवेगळ्या वेधशाळांनी वाटून घेतले. ग्रिनिच आणि ऑक्सफर्ड त्यांत होत्या. पुढे हैदराबादची निजामिया वेधशाळाही या कामात सहभागी झाली. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्थापिलेल्या या वेधशाळेने आठ इंची दुर्बिणीने शेकडो प्लेटा घेतल्या आणि साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या स्थानांचे बारा खंड प्रसिद्ध केले. अशा प्लेटा सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाच्या असत. मोजणाराचा सारा भरवसा एका गोष्टीवर असे, ती म्हणजे ताऱ्याचा ठिपका लहान, गोल आणि रेखीव असणे. ठिपका पसरला किंवा एका बाजूस ओढला गेला, तर त्याचा मध्य कोठे धरावा हेच कळेनासे होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सूर्याच्या कडेला चाटून येणारा ताऱ्याचा प्रकाशकिरण सूर्याच्या आकर्षणाने किंचित वाकतो आणि म्हणून तो तारा आपल्या जागेवरून सरकल्यासारखा दिसतो, असे आइन्स्टाइनने प्रतिपादिले होते. १९१५ साली पूर्णत्वास गेलेल्या त्याच्या सिद्धांताप्रमाणे हे सरकणे सूर्याच्या कडेपाशी १.७५ विकला भरावयास हवे होते. न्यूटनच्या नियमानुसार प्रकाशाला वजन आहे असे मानले, तर त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ०.८७ विकला, सरकणे अपेक्षित होते. किरण मुळीच वाकत नाही, ही तिसरी शक्यताही होतीच. पावणेदोन विकला म्हणजे किती? अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे तीन किलोमीटर अंतरावरून जेवढे दिसेल, तेवढा तो कोन होय. आकाशनकाशाच्या दुर्बिणीच्या प्लेटवर हे अंतर मिलिमीटरच्या सुमारे चौतिसाव्या भागाएवढे पडते. आणि सूर्याच्या अगदी कडेला लागून तारे क्वचितच सापडतात. जे थोडे दूर असतात त्यांचे सरकणे आणखी कमी असते.

सूर्याजवळचे तारे दिसावयाचे तर खग्रास ग्रहण हवे. २९ मे १९१९ चे ग्रहण या दृष्टीने अपूर्व होते. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात असतो, हे पंचांग पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रोहिणीच्या आसपास तेजस्वी ताऱ्यांचा एक दाट पुंजका आहे. ग्रहणाच्या वेळी सूर्य त्या पुंजक्यातच असणार होता आणि खग्रास स्थितीही पाच मिनिटांहून अधिक टिकणार होती. ग्रिनिचचे राजज्योतिषी फ्रँक डायसन यांनी ही संधी हेरली. महायुद्ध चालू असतानाच तयारी सुरू झाली आणि दोन तुकड्या ठरल्या. केंब्रिजचे आर्थर एडिंग्टन हे घड्याळांचे कारागीर कॉटिंगहॅम यांच्यासह आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील प्रिन्सिपे बेटावर गेले. ग्रिनिचचे क्रॉमेलिन आणि डेव्हिडसन हे ब्राझीलच्या ईशान्य भागातील सोब्राल येथे पोहोचले. पहिल्या तुकडीने ऑक्सफर्डचे आणि दुसरीने ग्रिनिचचे आकाशनकाशाचे भिंग नेले होते. याशिवाय सोब्रालच्या सामानात आणखी एक लहान भिंग होते. ते चार इंच व्यासाचे आणि १९ फूट नाभ्यंतराचे असून रॉयल आयरिश अकॅडमीकडून उसने आणले होते. फादर कॉर्टी यांच्या सूचनेवरून ते केवळ जोडीला म्हणून घेतले होते. या लहान भिंगानेच पुढे मोहिमेची लाज राखली.

वेधशाळेतील दुर्बीण भक्कम खांबावर बसविलेली असते आणि आकाशाबरोबर ती सबंध फिरते. तसली अवजड बैठक समुद्रापलीकडे नेणे शक्य नव्हते. म्हणून भिंगे हलक्या नळ्यांत घालून नळ्या जमिनीला समांतर अशा पक्क्या ठेवल्या. प्रत्येक नळीसमोर घड्याळाच्या यंत्राने मंद गतीने फिरणारा एक सपाट आरसा मांडला. सूर्य आकाशात पुढे सरके, पण आरसा त्याचा प्रकाश सतत नळीतच टाकीत राही. युक्ती नामी होती, पण तिच्यामुळे किरणांच्या वाटेत आणखी एक काच आली, आणि तीही उघड्यावर, उन्हात. सोब्रालच्या मोठ्या भिंगासमोरचा आरसा १६ इंचांचा होता, लहान भिंगासमोरचा आठ इंचांचा.

सोब्रालच्या घोडदौडीच्या मैदानावर यंत्रे उभी राहिली. स्वाती ताऱ्यावर रोख धरून, फोकस थोडाथोडा बदलून छायाचित्रे घेतली गेली आणि सर्वांत रेखीव ठिपका कोठे मिळतो ते पाहून नळीची जागा नक्की केली. या तपासणीत मोठ्या आरशाचा पृष्ठभाग सर्वस्वी निर्दोष नाही हेही ध्यानात आले. म्हणून १३ इंची भिंग झाकून आठ इंचच उघडे ठेवले, कारण भिंग लहान केले की असले दोष कमी जाणवतात. २७ मेच्या रात्री फोकस उत्तम होता. २९ तारखेला सकाळी आभाळ ढगाळलेले होते, परंतु ऐन वेळी सूर्याभोवतीचा भाग मोकळा झाला. मोठ्या भिंगाने १९ आणि लहान भिंगाने आठ प्लेटा घेतल्या गेल्या. सर्व काही ठरल्याप्रमाणे पार पडले, असेच त्या क्षणी वाटले असावे.

त्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास मोठ्या भिंगाच्या चार प्लेटा धुतल्या. वाळल्यावर पाहिल्या तो तारे होते, पण ठिपके पसरट आणि धूसर. फोकस बदललेला होता.

यानंतर जे घडले ते यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे. फोकस बिघडला की प्रथम संशय येतो तो माणसाच्या हातावर, म्हणजे नळी कोणाच्या तरी धक्क्याने सरकली असेल. दुसऱ्या दिवशी फोकसची मोजपट्टी तपासली. ती होती तेथेच, ११.० मिलिमीटरवर होती. तेव्हा नळी हललेली नव्हती. प्लेट तिरकी बसली असेल काय? तसे असते तर प्लेटची एक बाजू रेखीव व दुसरी धूसर दिसावयास हवी. भिंगातच दोष असेल काय? भिंगाचा दोष प्लेटच्या मध्यावर कमी आणि कडांना जास्त दिसतो. शिवाय तेच भिंग दोन रात्रींपूर्वी चांगले काम देत होते. मग त्या रात्रीत आणि त्या सकाळीत फरक तो कोणता? एकच: रात्री आरशासमोर तारा होता, सकाळी सूर्य. आरशाची काच उन्हाने असमान तापली आणि किंचित वाकली, हा एकच निष्कर्ष शिल्लक राहत होता. जुलैमध्ये त्याला पुष्टी मिळाली. सूर्य त्या भागातून दूर गेल्यावर पहाटेच्या अंधारात तेच तारे पुन्हा टिपावयाचे होते. यंत्राच्या मांडणीला कोणीही हात लावला नव्हता, तरी फोकस आपोआप पूर्ववत झालेला आढळला. दोष आला तसा गेला होता.

काच किती वाकली असेल? हिशेब केला तर आश्चर्य वाटते. आठ इंच उघड्या भिंगासमोरील आरशाचा मध्य कडांच्या मानाने मिलिमीटरच्या अवघ्या पाचहजाराव्या भागाने फुगला, तरी या दुर्बिणीचा फोकस एक मिलिमीटरने ढळतो. आणि एक मिलिमीटर ढळला की ताऱ्याचा ठिपका सुमारे साडेतीन विकला रुंद होतो. जे मोजावयाचे ते पावणेदोन विकलांचे, आणि ज्या ठिपक्याचा मध्य धरावयाचा तोच त्याच्या दुप्पट! त्यात आरशावर प्रकाश तिरका पडत असल्यामुळे वाकलेला आरसा उभ्या आणि आडव्या दिशेला एकाच अंतरावर फोकस देत नाही. एका दिशेने तारा रेखीव करू जावे तर दुसरीकडे तो ताणला जातो. लहान भिंगाची गोष्ट वेगळी होती. त्याचे नाभ्यंतर व्यासाच्या सुमारे सत्तावन्न पट असल्यामुळे किरणांचा शंकू अतिशय निमुळता होता. एक मिलिमीटर फोकस चुकला तरी त्याचा ठिपका विकलेच्या सहा दशांशांनीच पसरतो. शिवाय त्याचा आरसाही लहान होता. म्हणून त्याच उन्हात, त्याच मैदानावर, त्याच्या प्लेटा रेखीव आल्या.

धूसरपणाहूनही एक गंभीर अडचण होती. फोकस बदलला म्हणजे केवळ ठिपके पसरतात की नकाशाचे प्रमाणही बदलते? भिंग आणि प्रतिमा यांमधील परिणामी अंतर एक मिलिमीटरने वाढले असे मानले, तर मध्यापासून ३० मिलिमीटरवर असलेला तारा अर्ध्या विकलेने बाहेर सरकलेला दिसेल. पण तारा बाहेर सरकलेला दिसणे हेच तर आइन्स्टाइनच्या परिणामाचेही लक्षण! दोहोंत भेद एवढाच की, प्रमाणातील फरक मध्यापासून दूर जावे तसा वाढत जातो आणि सूर्याचा परिणाम दूर जावे तसा घटत जातो. तारे पुष्कळ आणि ठिपके रेखीव असतील तर गणिताने दोहोंची फोड करता येते. धूसर प्लेटांवरून ती भरवशाने करणे कठीण होते. प्रमाण बदलले असे धरून हिशेब केला तेव्हा मोठ्या भिंगाच्या प्लेटांवरून सुमारे ०.९ विकला निघाले, म्हणजे जवळजवळ न्यूटनचे उत्तर. प्रमाण बदललेच नाही, ठिपके तेवढे पसरले असे धरले, तर त्याच प्लेटांवरून सुमारे दीड विकला येत होते. एकाच काचेतून दोन उत्तरे निघत होती, आणि त्यांतून निवड करण्याचे साधन त्या काचेवर नव्हते.

लहान भिंगाच्या आठांपैकी सात प्लेटांवर सात तारे स्वच्छ उमटले होते. त्यांवरून १.९८ विकला आले आणि संभाव्य चूक ०.१२ होती. प्रिन्सिपे बेटावर एडिंग्टन यांच्या नशिबी ढग आले. सोळा प्लेटांपैकी दोनच उपयोगी ठरल्या आणि त्यांवर पाच-पाच तारे होते. उत्तर १.६१, पण चूक ०.३०. तथापि दैवयोग असा की, ज्या ढगांनी एडिंग्टन यांचे तारे झाकले त्यांनीच त्यांचा आरसाही उन्हापासून वाचविला. बेटावरील हवेचे तापमानही फारसे बदलत नव्हते. शिवाय आकाशाच्या दुसऱ्या एका भागाची छायाचित्रे ऑक्सफर्डला आणि बेटावरही घेऊन त्यांनी प्लेटांचे प्रमाण स्वतंत्रपणे ताडून ठेवले होते. सोब्रालला सूर्य लाभला आणि आरसा गेला. प्रिन्सिपेला आरसा राहिला आणि तारे गेले.

६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्ये रॉयल सोसायटी आणि रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी यांच्या संयुक्त सभेत डायसन यांनी निष्कर्ष मांडला. लहान भिंगाच्या प्लेटा मुख्य पुरावा, प्रिन्सिपेच्या प्लेटा त्याला दुजोरा आणि मोठ्या भिंगाच्या धूसर प्लेटांना अत्यल्प महत्त्व, अशी त्यांची मांडणी होती. आइन्स्टाइनचा आकडा बरोबर ठरला. दुसऱ्या दिवसापासून त्याचे नाव वर्तमानपत्रांतून जगभर दुमदुमू लागले. पुढच्याच वर्षी कलकत्त्यास मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन व मिन्कोव्स्की यांच्या निबंधांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली.

परंतु शंका विचारणारे तेव्हाही होते आणि नंतरही झाले. नको असलेले उत्तर देणाऱ्या प्लेटाच नेमक्या सदोष कशा ठरल्या? हव्या त्या निष्कर्षासाठी पुरावा निवडून घेतला नाही ना? १९८० साली अर्मन आणि ग्लायमूर या अभ्यासकांनी हा आक्षेप विस्ताराने मांडला आणि एडिंग्टन यांच्या पक्षपाताची गोष्ट पुढे पुष्कळांच्या तोंडी झाली. आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. उत्तर पाहून प्लेटा बाद करणे हा विज्ञानातील अक्षम्य अपराध होय. म्हणूनच घटनांचा क्रम येथे निर्णायक ठरतो. प्लेटा बिघडल्याची नोंद पहिल्या चार प्लेटा धुतल्या त्याच वेळी, सोब्रालच्या मैदानावर झाली. तेव्हा तुलनेच्या प्लेटा घेतलेल्या नव्हत्या, एकही तारा मोजलेला नव्हता आणि त्यांवरून कोणते उत्तर येईल हे कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. शिवाय सोब्रालच्या प्लेटांचे मापन व निर्णय ग्रिनिचचा, म्हणजे डायसन आणि डेव्हिडसन यांचा होता, एडिंग्टन यांचा नव्हता. डॅनियल केनेफिक यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे साधार दाखविले आहे. डायसन यांनी सदोष प्लेटांचा आकडा लपविलाही नाही. तो त्यांनी कारणासह अहवालात छापला आणि निर्णय पारखण्याची वाट पुढच्यांसाठी मोकळी ठेवली.

त्या वाटेने लोक गेलेही. आरशाच्या या खोडीची जाणीव अमेरिकेतील लिक वेधशाळेला पूर्वीपासून होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी तिची तुकडी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे उतरली होती. पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला हेही आपली यंत्रे घेऊन तेथेच गेले होते. लिकच्या विल्यम कँबेल यांनी जेऊरला जो ४० फूट लांबीचा कॅमेरा उभारला, त्यात आरसा नव्हताच. नळी थेट सूर्याकडे रोखलेली होती आणि सूर्याच्या गतीबरोबर सरकत होती ती केवळ प्लेट. हेच कँबेल १९२२ साली ऑस्ट्रेलियातील वॉलल येथे ट्रंपलर यांच्यासह आइन्स्टाइनचा परिणाम मोजावयास गेले, तेव्हाही त्यांनी आरसा वर्ज्य केला आणि कॅमेरे सरळ आकाशाकडे रोखले. त्यांच्या प्रमुख कॅमेऱ्यांचे उत्तर १.७२ विकला आले.

सोब्रालच्या बदनाम प्लेटांचा न्याय मात्र साठ वर्षांनी झाला. १९७९ साली इंग्लंडमधील राजवेधशाळेत त्या नव्या मापनयंत्रावर चढविल्या गेल्या आणि गणित संगणकाने केले. लहान भिंगाचे उत्तर १.९० आले. आणि ज्या धूसर प्लेटांनी एके काळी न्यूटनचा पक्ष घेतल्यासारखे वाटले होते, त्यांनी या वेळी १.५५ हा आकडा दिला. त्यातील संभाव्य चूक ०.३४ एवढी मोठी होती हे खरे, पण कौल आता दुसऱ्या बाजूस झुकला होता. २०१७ साली अमेरिकेतील ग्रहणाच्या वेळी डोनाल्ड ब्रन्स या हौशी निरीक्षकाने लहानशी दुर्बीण आणि विद्युत कॅमेरा वापरून हेच मापन सुमारे तीन टक्के अचूकतेने केले आणि आइन्स्टाइनचा आकडा पुन्हा खरा ठरला.

आज अनेक हौशी ज्योतिर्विद आपल्या गच्चीवर दुर्बीण मांडून छायाचित्रे घेतात आणि कधी चित्राचा एक कोपरा, तर कधी सबंध चित्र धूसर आलेले पाहून चिंतेत पडतात. त्यांची साधने १९१९ च्या मानाने फार पुढे गेली असली, तरी काच आणि धातू अजून तापतात, निवतात आणि वाकतात. घरातून नुकतीच बाहेर आणलेली दुर्बीण रात्रीच्या हवेत निवेपर्यंत तिचा फोकस स्थिर राहत नाही. डेव्हिडसन यांनी अवलंबिलेली रीत त्यांनाही उपयोगी पडेल. मोजपट्टी पाहावी, काल काय ठीक होते आणि आज काय बदलले हे विचारावे, एका वेळी एकच कारण तपासून बाजूला ठेवावे, आणि जे शिल्लक राहील ते, पुढे काय मोजले जाणार आहे हे कळण्यापूर्वीच, वहीत लिहून ठेवावे. सोब्रालला पहाटे तीन वाजता धुतलेल्या प्लेटांविषयीची नोंद त्याच वेळी लिहिली गेली, म्हणूनच शंभर वर्षांनी तिच्यावर विश्वास ठेवता येतो.